तीन मतांचा माणूस

माझ्या घरात दोन शिक्षक आहेत. मी तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवतो, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला. बारावीनंतर डीएड करून ती लगेच नोकरीला लागली, पदवी घ्यायची राहूनच गेली. विधानसभेला आम्ही दोघं एकेक मत देतो. विधान परिषदेला मात्र मला आणखी दोन मतं आहेत, एक पदवीधर म्हणून आणि एक शिक्षक म्हणून. तिला एकही नाही. पदवी नसल्याने पदवीधर मतदारसंघ बंद, आणि शिक्षक मतदारसंघात माध्यमिकच्या खालचे शिक्षक राज्यघटनेने धरलेलेच नाहीत. पोरांचा हात धरून अक्षर गिरवून घेणारी बाई या हिशेबात शिक्षिका नव्हे.

असलं सभागृह बरखास्त केलेलं बरं, असं मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. विधान परिषद म्हणजे निवडणुकीत पडलेल्यांचं पुनर्वसन केंद्र, हे माझं ठरलेलं वाक्य. मुलं हसायची, आणि ते हसू मला आवडायचं. पुढचा मालमसालाही तयार असायचा. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये परिषद मोडली, तमिळनाडूने १९८६ मध्ये. कोणाचं काय अडलं? शेजारच्या गोव्याचं ४० आमदारांच्या एकाच सभागृहावर भागतंच ना? आंध्रची धरसोड तर तास संपता संपता सांगायला राखून ठेवलेली असायची: १९८५ ला मोडली, २००७ ला पुन्हा मांडली, २०२० ला मोडायचा ठराव, २०२१ ला तो ठराव मागे. आणि अधिकार तरी काय? साधं विधेयक आधी तीन महिने, दुसऱ्या खेपेला एक महिना अडवता येतं; धनविधेयक १४ दिवस. एवढ्यासाठी ७८ आमदार पोसायचे?

पदवीधर मतदार म्हणून मी कधी नाव नोंदवलं नाही. ‘तत्त्व म्हणून,’ असं सांगायचो. खरं कारण आळस. ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते, दर वेळी अर्ज भरा, पदवीची साक्षांकित प्रत जोडा, तहसीलला खेपा घाला. तत्त्वाने माझी बरीच पायपीट वाचवली.

डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरला जेमतेम आठवडाभराचं हिवाळी अधिवेशन होतं. माझा एक जुना विद्यार्थी अंशतः अनुदानित शाळेत शिकवतो. पगार इतका की महिनाअखेरीला तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर जातो. त्याच्या लोकांचं धरणं होतं आणि त्याच्या आग्रहावरून मी गेलो. चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं की तो आधी आमच्या तालुक्याच्या आमदारांकडे गेला होता. आमदार चांगले बोलले, पाणी विचारलं, आणि मग म्हणाले, “माझ्या मतदारसंघात तुम्ही किती जण आहात?” तो म्हणाला, “अकरा.”

“मग सर, शिक्षक आमदारांकडं गेलो. त्यांनी प्रश्न टाकला. तुम्हीच तर शिकवलं होतं, ते सभागृह बिनकामाचं आहे म्हणून.” टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. तो खरंच बुचकळ्यात पडला होता.

दुपारी पास मिळवून मी वरच्या सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसलो. निम्मी बाकं रिकामी. एक सदस्य कुठल्याशा शासन निर्णयाची तारीख धरून मंत्र्यांना विचारत होते की त्यातल्या अमुक अटीचा अर्थ खात्याने दोन जिल्ह्यांत दोन तऱ्हेने कसा लावला. मंत्र्यांनी दिलं ते उत्तर नव्हतंच, नुसती टोलवाटोलवी होती. सदस्य पुन्हा उभे राहिले. एवढंच. पण माझ्या डोक्यात तो ‘अकरा’ फिरत होता. विधानसभेचा आमदार जमिनीच्या तुकड्याचा असतो. तुमचं दुःख त्या तुकड्यावर एकगठ्ठा नांदत असेल तर तुम्ही मतपेढी. ते पाच जिल्ह्यांत अकरा-अकरा करून विखुरलं असेल तर विधानसभेच्या हिशेबात तुम्ही नाहीच. ज्यांना भूगोल नाही अशांसाठी जागा लागते, हे माझ्या नोट्समध्ये कुठेच नव्हतं. खरं तर आमच्याच अमरावती विभागात प्रा. बी. टी. देशमुख तीस वर्षं पदवीधरांचे आमदार होते आणि विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे सभागृहात मांडत होते. ते डोळ्यांसमोर असताना मी आंध्रचे किस्से सांगत होतो.

घरी येऊन नोट्स काढल्या तेव्हा जास्त लाज वाटली. रोजगार हमी योजना मी मोठ्या अभिमानाने शिकवतो: १९६९ चा तासगावचा प्रयोग, पुढे दुष्काळ, १९७७ चा कायदा, आणि २००५ मध्ये देशाने उचललेली कल्पना. वि. स. पागे यांचं नाव तिथे ठळक. हेच पागे १९६० पासून १९७८ पर्यंत विधान परिषदेचे सभापती होते, हे मला माहीत होतं. तरी हा धडा आणि ‘पुनर्वसन केंद्र’वाला धडा मी कधी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. त्या योजनेसाठी म्हणून सुरू झालेला व्यवसाय कर माझ्या पगारातून दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असा कापला जातो. पगारपत्रकावर दर महिन्याला पुरावा येत होता आणि मी सोयीचं तेवढंच शिकवत होतो.

पुढच्याच वर्षी नाव नोंदवलं. १ डिसेंबर २०२० ला शिक्षक मतदारसंघात आयुष्यातलं पहिलं मत दिलं. तिथे पक्षाचं चिन्ह नसतं, पसंतीक्रमाचे आकडे लिहायचे असतात, आणि तेही तिथेच दिलेल्या जांभळ्या पेनाने. लांबलचक मतपत्रिका हातात आली, माझं माणूस सापडलं, आणि इतकी वर्षं उत्तरपत्रिका तपासलेल्या हाताने नावापुढे झकास बरोबरची खूण केली. पेटीत टाकल्यावर लक्षात आलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तीन मतं, आणि त्यातलं एक असं वाया.

मत बदललं म्हणून मी परिषदेचा भक्त झालो असं नाही. राज्यपालांनी नेमायच्या १२ जागांची यादी नोव्हेंबर २०२० मध्ये गेली, ती ना मंजूर झाली, ना फेटाळली गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, आचारसंहिता लागायच्या तोंडावर सात जण नेमले गेले. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी या जागा आहेत. कधी काळी तिथे गदिमा बसले, ना. धों. महानोर बसले. २० जून २०२२ च्या परिषद निवडणुकीत गुप्त मतदानात मतं फुटली आणि त्याच रात्री आमदार सुरतेच्या वाटेला लागले. सरकारं पाडण्याची रंगीत तालीम म्हणूनही हे सभागृह वापरता येतं, हे त्या रात्री कळलं. जनसुरक्षा विधेयक विधानसभेने १० जुलै २०२५ ला मंजूर केलं. ज्येष्ठांच्या सभागृहाने फेरविचाराला किती वेळ घ्यावा? दुसऱ्या दिवशी मोकळे. पण त्याच जुलैत विधानसभेत विरोधी पक्षनेता नव्हता, परिषदेत होता. या दोन्ही गोष्टी मला एकदमच सांगाव्या लागतात, आणि आता वर्गात पूर्वीसारखं हसू पिकत नाही.

माझ्या शिकवण्यातली सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. परिषद मोडायची कशी, ते कलम १६९ मी फळ्यावर लिहून द्यायचो. कलम १७१ मधला दुसरा खंड कधी वाचून दाखवला नाही. संसद कायद्याने वेगळी तरतूद करेपर्यंतच सध्याची रचना लागू राहील, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे. म्हणजे कोण निवडून देणार, हे बदलायला घटनादुरुस्तीही नको, साधा कायदा पुरे. पदवीधर हा आता विखुरलेला अल्पसंख्य राहिला नाही, गल्लोगल्ली पदव्या आहेत. मला विचाराल तर पदवीधरांच्या सात जागा सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या ऊसतोड मजुरांना द्या, आशा आणि अंगणवाडीच्या बायांना द्या. कोणाच्याही तालुक्यात त्या अकराच असतात. शिक्षक मतदारसंघात प्राथमिक शिक्षक घ्या. नेमणुकांना मुदत घाला. हे होईल का? ज्यांनी कायदा करायचा त्यांनाच मागचं दार लागतं, त्यामुळे मला फार आशा नाही.

शिक्षक मतदारांच्या नव्या यादीसाठीचा अर्ज गेल्या आठवड्यात टेबलावर आणून ठेवला. बायकोने चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला, स्वतःला बसेल अशी एखादी ओळ आहे का ते पाहिलं, आणि माझ्यासमोर सरकवला.

“भरा,” ती म्हणाली. “पण या खेपेला आकडा लिहा.”