सासू-सुनेचे रान

वाचकहो, सुगी आटोपली की आपल्याकडची माणसे देवदर्शनाला निघतात. आम्हीही पौषात जीप करून केरळात गुरुवायूरला निघालो होतो. पालक्काडला चहाला थांबलो, तेव्हा टपरीवाल्याने मोडक्या हिंदीत विचारले, सैरंध्री पाहणार ना? सैरंध्री म्हणजे विराटाघरची द्रौपदी! ती इथे कुठली? नावाच्या कुतूहलाने आम्ही गाडी वळवली.

पालक्काडहून मन्नारक्काड चाळीसेक किलोमीटर, आणि तिथून घाट चढला की मुक्काली. आपली गाडी इथेच ठेवायची. नाव नोंदवून, वाटाड्या घेऊन, तिथल्या जीपने वीसेक किलोमीटर आत जायचे. हेच ते सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान. जुने लोक याला सैरंध्रीवन म्हणतात. खालून वाहते ती कुंतीपुळा. पुळा म्हणजे नदी. कुंती आणि द्रौपदी, सासू-सून एकाच रानात नांदताहेत म्हणा ना!

आत शिरलात की ऊन बाहेर राहते. उंच झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतलेले, खोडांवर शेवाळ, वेलींचे वेढे. बारमाही हिरवे असे हे पावसाचे रान. नशीब असेल तर सिंहपुच्छ वानर दिसेल. काळे अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. जमिनीवर तो क्वचितच उतरतो. सह्याद्रीच्या दक्षिण भागाबाहेर तो जगात कुठेही रानात आढळत नाही. झाडे तुटली की त्याचा रस्ताच तुटला.

मी पाचोळा हाताने बाजूला केला. खाली काळीभोर, ओली माती. इथे पाऊस आधी पानांवर पडतो, मग पाचोळ्यात मुरतो आणि सावकाश नदीला मिळतो. तेच पाणी पुढे भारतपुळेला जाते.

हे रान आज दिसते, ते आपोआप नव्हे. 1970 च्या दशकात कुंतीपुळेवर विजेसाठी धरण व्हायचे होते आणि सुमारे 830 हेक्टर रान बुडणार होते. वीज कुणाला नको असते? धरण हवे म्हणणारेही काही वेडे नव्हते. पण केरळ शास्त्र साहित्य परिषदेचे कार्यकर्ते लोकांना समजावीत फिरले, कवयित्री सुगतकुमारी यांनी आवाज उठवला. अखेर 1983 साली योजना सोडून दिली गेली. 1984 साली राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले आणि 1985 साली पंतप्रधान राजीव गांधींनी त्याचे उद्घाटन केले. क्षेत्र 89.52 चौरस किलोमीटर.

मनोऱ्यावरून ते रान पाहताना मला आमच्या गावचा डोंगर आठवला. त्यावरची झाडे आमच्याच देखत कोळशाला गेली. चार पैसे मिळाले म्हणून आम्हीही गप्प बसलो. तेव्हा चैत्रापर्यंत वाहणारा ओढा आता संक्रांतीलाच आटतो, आणि विहिरी दरवर्षी खोल कराव्या लागतात.

पुढे गुरुवायूरचे दर्शनही छान झाले. पण मंडळी, खरे सांगायचे तर हात जोडले गेले ते आधीच, त्या पाचोळ्यापाशी. तुमच्या गावात अजून देवराई उभी असेल, तर एकदा मुलाबाळांना घेऊन तिथे जा. पाचोळा बाजूला करून खालची माती त्यांच्या हातात द्या. विहिरीचे पाणी कुठून येते, ते त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.