आईच्या माहेरचा नाका

दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही सहकुटुंब गोव्याला निघालो. जाताना आंबोली, सावंतवाडी, बांदा करीत पेडण्याकडून शिरायचे आणि येताना डिचोली, साखळी, केरी करीत चोर्ला घाटाने बेळगावला परतायचे, असा बेत होता. पत्रादेवीच्या नाक्यावर पोलिसाने कागद पाहिले, डिकीत डोकावले आणि 'जावा' म्हणून हात केला. जेमतेम चार मिनिटे गेली असतील. पण नातू वैतागला. "अज्जा, आपल्याच देशात कसली तपासणी?"

त्याला तिथल्या हुतात्मा स्मारकापाशी नेले. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण गोव्यात पोर्तुगीजांचे राज्य १९ डिसेंबर १९६१ पर्यंत होते. म्हणजे बांदा आणि पेडणे या दोन शेजारी गावांमध्ये चौदा वर्षे परक्या देशाची हद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही ती ओलांडायला निघाले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्या दिवशी गोव्याच्या सीमेवर वीसहून अधिक जणांचे प्राण गेले. पंजाबातून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल इथेच, पत्रादेवीला पडले.

त्यानंतर भारताने नाकेबंदी आवळली. रेल्वे थांबली. १ सप्टेंबर १९५५ रोजी पणजीतली भारतीय वकिलात बंद झाली. इकडचा माल जाईना, तेव्हा गोव्यात हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा आणि जपानचे सिमेंट बोटीने येऊ लागले. सामान्य माणसाला जायचे तर परवाना हवा, आणि परवाना मिळणे सोपे नव्हते.

माझ्या आईचे माहेर डिचोलीजवळ. घाट उतरला की गाव. लग्नानंतर ती दरवर्षी चतुर्थीला जायची. नंतर जाणेच बंद झाले. १९५७ च्या पावसाळ्यात आजोबा गेले. निरोप सावंतवाडीच्या एका ओळखीच्या माणसाकडून आला, तोवर तेरावाही होऊन गेला होता. वडिलांनी परवान्यासाठी अर्ज केला; त्याचे उत्तर कधी आले नाही. आईने परसात विहिरीपाशी उभे राहून नदीच्या दिशेला हात जोडले, एवढे मला आठवते. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो. माहेर तुटले म्हणजे काय, हे कळायचे ते वय नव्हते.

१९६२ च्या चतुर्थीला ती पुन्हा डिचोलीला गेली. अंगणात शिरताच तिने आधी आजोबांच्या रिकाम्या आरामखुर्चीला हात लावला.

या वेळी आम्ही त्याच घरी जेवलो. मामेभाऊ कोकणीत बोलत होता, मी मराठीत, आणि सूनबाई मुलांना कन्नडात दटावत होती. माहेराला कन्नडात 'तवरु' म्हणतात. मामेभावाच्या बायकोने तो शब्द विचारून घेतला आणि दोनदा घोळवून म्हटला.

आज याच पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरतात. परदेशी पाहुण्यांचा पासपोर्ट, व्हिसा तिथे तपासतात. आपल्याला मात्र नाक्यावर गाडीचे कागद आणि ओळखपत्र पुरते. तरी २०२० च्या टाळेबंदीत हेच नाके बंद झाले, तेव्हा रोज कामाला गोव्यात जाणारी दोडामार्गची माणसे अडकून पडली. हद्द कागदावरची असली तरी बंद झाली की घरातच येऊन बसते, हे तेव्हा नव्या पिढीलाही कळले.

तुम्ही जाल तेव्हा गाडीचे कागद हाताशी ठेवा, परवान्याशिवाय बाटल्या आणू नका, आणि पत्रादेवीला पाच मिनिटे उतरा. मुलांना सोबत न्या. घरात कुणी म्हातारे माणूस असेल, तर निघण्याआधी त्याला विचारा, तेव्हा आपले कोण पलीकडे राहिले होते.