झाडीपट्टीचा शंकरपट

शंकरपट ही पूर्व विदर्भातल्या शेतकऱ्यांची बैलजोड्यांची शर्यत. हलक्या छकड्यांना जुंपलेल्या दोन जोड्या शेजारी शेजारी आखलेल्या दोन सरळ पट्ट्यांवरून एकदम सुटतात आणि समोरच्या रेषेपर्यंत धावतात. या पट्टीला दाण म्हणतात, जोडी हाकणाऱ्याला धुरकरी आणि या खेळाचा नाद असणाऱ्याला पटशौकीन. धाव काही सेकंदांत संपते. तिच्या आधीची तयारी महिनोन्‌महिने चालते, आणि पटाचा निकाल बहुतांशी या तयारीतच ठरत असतो, असे प्रस्तुत लेखकाचे लहानपणापासूनच्या पाहण्यावरून झालेले मत आहे.

शंकरपटाचा मुख्य मुलूख म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूर हे जिल्हे. यातला पूर्वेकडचा धानाचा भाग झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. पश्चिमेला अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पटही नावाजलेला आहे. झाडीपट्टीत मालगुजारी तलावांच्या पाण्यावर पोसलेले धान दिवाळीच्या मागेपुढे कापणीला येते. मळणी उरकते, तणसाचे ढीग लागतात आणि बांध्या, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेली धानाची शेते, मोकळ्या होतात. जमीन वाळून टणक झालेली असते, बैलांच्या मानेवर काम नसते, घरात पीक आलेले असते आणि हवेत गारवा असतो. पटांचा हंगाम तेव्हा सुरू होतो आणि उन्हाचा कडाका वाढू लागला की थांबतो, कारण तापलेल्या हवेत जड अंगाचा बैल लवकर धापा टाकतो. कोणत्या गावचा पट केव्हा, हे आसपासच्या गावांना सांगावे लागत नाही. पाहुणे, दुकानदार आणि नाटक कंपन्या तो दिवस धरूनच आपले बेत आखतात.

भिलाई या मुलखाच्या पूर्वेला, पण हाकेच्या अंतरावर म्हणावी अशी. मुंबई-हावडा लोहमार्गावर दुर्ग सोडले की राजनांदगाव आणि डोंगरगड लागते. पुढे दरेकसाचे जंगल ओलांडून गाडी सालेकसा, आमगावमार्गे गोंदियाला पोहोचते. रस्त्याने जाणाऱ्याला राष्ट्रीय महामार्ग ५३ देवरी, साकोली, लाखनी करीत भंडाऱ्याला नेतो. हा संबंध जुना आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या सत्तेखाली होता, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत दुर्ग व भंडारा हे दोन्ही जिल्हे नागपूर राजधानी असलेल्या एकाच मध्य प्रदेशात होते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी भिलाई पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भंडाऱ्याच्या तरुणाला भिलाई परराज्यात नव्हती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या सुमारास विदर्भातून आलेल्या कुटुंबांत प्रस्तुत लेखकाचे कुटुंब होते. वडील कारखान्यात लागले, शेती आणि बैल मोठेबाबांकडे राहिले. अशा घरांमध्ये पटाची वाट पाहणे हा हिवाळ्याचाच भाग होता. नोव्हेंबरात गावाहून पटाची तारीख कळायची आणि ए, बी, सी शिफ्टच्या पाळ्या सहकाऱ्यांशी अदलाबदल करून त्या दिवसाची सोय लावली जायची.

छत्तीसगडालाही बैलांचे कौतुक आहे. श्रावणातल्या पिठोरी अमावास्येला, म्हणजे उत्तरेकडच्या गणनेनुसार भाद्रपदात, विदर्भात पोळा आणि छत्तीसगडात पोरा साजरा होतो. मातीचे नांदिया बैल मुलांच्या हाती येतात, घरोघर ठेठरी-खुरमी होते. भिलाईत वाढलेल्या मराठी मुलांना हे दोन्ही सण एकाच दिवशी मिळाले. पोळ्याला बैलाचा मान आणि हिवाळ्यात त्याची धाव, असा वर्षाचा क्रम त्यांच्या मनात बसला.

शेतातून धावणारी हौशी शर्यत फक्त इथलीच नाही. आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात १७५२ साली दोन घोडेस्वार बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत, वाटेतली कुंपणे आणि चर ओलांडत धावल्याची कथा प्रसिद्ध आहे. अडथळ्यांच्या घोडशर्यतींची परंपरा तिथून सांगितली जाते. तिच्यातूनच पुढे ‘पॉइंट टू पॉइंट’ शर्यती रूढ झाल्या. ब्रिटन-आयर्लंडमध्ये त्या आजही शिकारी मंडळांच्या वतीने, शेतजमिनीवर आणि हौशी स्वारांकडून धावल्या जातात. मुंबईचे महालक्ष्मी रेसकोर्स १८८३ साली सुरू झाले. तिथला घोडा वेगळा: धंदेवाईक जॉकी, ठरलेला हंगाम, तिकीट खिडकी. शंकरपट या दोहोंत पहिल्याच्या जवळचा आहे. जोडी शेतकऱ्याची, जागा गावाची, आयोजन गावच्या मंडळाचे आणि प्रेक्षक बहुतेक एकमेकांच्या ओळखीचे.

तयारीची सुरुवात जोडीपासून होते. पटाचा बैल अंगाने भरलेला पण पोटाने सुटलेला नको. छाती रुंद, पाय सडपातळ आणि खूर घट्ट लागतात. वर्धा-नागपूरकडची गवळाऊ जात चपळ चालीसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम महाराष्ट्रातला खिलार वेगासाठी नावाजलेला. पूर्व विदर्भाची स्वतःची कठाणी जात आकाराने लहान, काटक आणि चिखलाच्या धानशेतीला सरावलेली आहे. जातीपेक्षाही जोड महत्त्वाची असते. दोन बैलांची उंची, पावलांची लांबी आणि स्वभाव जुळला नाही, तर एक ओढतो, दुसरा ओढला जातो आणि छकडा दाणीवरून तिरका होतो. म्हणून जाणता शेतकरी एक बैल घेतल्यावर दुसऱ्यासाठी अनेक बाजार पालथे घालतो.

जोड जमली की खुराक आणि सराव सुरू होतो. तणस आणि कुटारावर सरकीची ढेप, हरभऱ्याची चुनी आणि कोंडा दिला जातो. ज्याची ऐपत असेल तो दूध-अंडीही चारतो. सकाळी जोडी तलावात पोहायला सोडतात. पाण्यात सांध्यांवर भार न पडता दम वाढतो. मग रिकाम्या छकड्याला जुंपून थोडे अंतर चालवणे, पुढे थोडे धावणे. प्रस्तुत लेखकाच्या मोठेबाबांचा नियम होता की सरावात जोडीला पूर्ण वेगाने क्वचितच सोडायचे, आणि सोडले तर थांबल्यावर आधी मानेवरून हात फिरवायचा. जुवाखाली मानेला घट्टा पडला आहे का, खुराच्या बेचक्यात खडा रुतला आहे का, हे तेव्हाच कळते. ज्या जोडीला हाक ओळखीची असते, ती धुरकऱ्याच्या आवाजावर धावते. ही ओळख पटाच्या दिवशी तयार होत नाही.

दुसरी तयारी दाणीची. गावाबाहेर सलग बांध्यांचा पट्टा निवडतात. मालकांची संमती घेऊन मधले बांध फोडतात, खळगे बुजवतात, पाणी मारून माती बसवतात. दोन दाणींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे लागते आणि रेषेपलीकडे जोड्यांना वेग कमी करायला मोकळी जागा सोडावी लागते. अपघात बहुधा इथेच होतात. धाव संपल्यावर लोक आनंदाच्या भरात दाणीत शिरतात आणि मागून येणारी जोडी आवरत नाही. त्यामुळे दोन्ही कडांना बांबू आणि दोर लावणे, रेषेपुढचा भाग मोकळा राखणे, ही कामे इनामाच्या ढालीइतकीच मनावर घ्यायला हवीत. पट आटोपला की बांध पुन्हा घालून शेत ज्याचे त्याला परत द्यायचे असते.

तिसरी तयारी कागदाची, आणि ती अलीकडची आहे. ११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतीही बेकायदा ठरवल्या. २०१७ साली महाराष्ट्राने प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून नियम केले, तरी न्यायालयीन मनाई कायम राहिली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नियमांच्या चौकटीत शर्यतींना परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने महाराष्ट्र, तमिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. आता जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम आणि पशुवैद्यकाची तपासणी आवश्यक आहे. चाबूक, पराणी, विजेचा धक्का यांना मनाई आहे.

मधल्या वर्षांत दाणींवर गवत वाढले आणि पटाच्या जोड्या विकल्या गेल्या. भिलाईतल्या घरांमध्ये जानेवारीच्या रजेचे कारणच उरले नाही. त्या काळाचे दुःख पटशौकिनांना खरे होते. परंतु बंदीमागचे कारणही खरे होते. आर लावलेल्या पराणीने टोचणे, शेपटी पिरगाळणे, हे प्रकार दाणीवर होत असत आणि पाहणारे ते चालवून घेत. नियमांनी खेळाचे नुकसान झाले असे प्रस्तुत लेखकाला वाटत नाही. पराणी हातातून गेली की धुरकऱ्याजवळ उरतो तो आवाज, कासऱ्यावरचा हात आणि वर्षभर केलेली निगा. जोडी त्यावर धावली तरच ती जोडी त्याची. नियम पाळून भरलेला पट हा अधिक चोख पट आहे, आणि तो तसाच भरावा यासाठी आयोजकांइतकेच प्रेक्षकांनीही आग्रही असले पाहिजे.

पटाचा दिवस पहाटेच सुरू होतो. ट्रक आणि पिकअपमधून जोड्या उतरतात, त्यांना झाडाखाली बांधतात, प्रवासाचा शीण जावा म्हणून फिरवतात. नोंदणीच्या टेबलावर मालकाचे नाव, गाव आणि बैलांची नावे लिहिली जातात. बाहेरून आलेल्या नामांकित जोड्या आणि गावातल्या किंवा परिसरातल्या जोड्या यांचे गट वेगळे ठेवतात, म्हणजे शेतीकामाच्या साध्या जोडीलाही इनामाची आशा राहते. मग दोन-दोन जोड्या दाणीवर लागतात. पूर्वी झेंडी आणि हातातल्या घड्याळावर वेळ मोजत. वादही होत. आता बहुतेक मोठ्या पटांत सुटण्याच्या आणि पोहोचण्याच्या रेषेवर विजेवर चालणारी यंत्रे असतात आणि वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत फलकावर दिसते. ध्वनिक्षेपकावरून आकडा जाहीर झाला की गर्दीत लगेच हिशेब सुरू होतो: सकाळची अमुक जोडी अजून पुढे आहे का, दुपारच्या उन्हात हा वेळ टिकेल का.

नव्याने पट पाहणाऱ्याचे लक्ष वेगाकडे जाते. जाणकार सुटण्याचा क्षण पाहतो. दोन्ही बैलांचे पहिले पाऊल एकत्र पडले की नाही, धुरकऱ्याने कासरा किती सैल सोडला आणि धाव संपल्यावर जोडी किती लवकर शांत झाली, यावरून त्याला जोडीमागची मेहनत कळते. धाव संपताच इनामाकडे न पाहता आधी बैलांच्या तोंडाला पाणी लावणारा मालक, हे चांगल्या पटाचे पहिले लक्षण मानावे.

दाणीच्या भोवती बाजार भरतो. घुंगरू, झुली, वेसणी, दोर यांची दुकाने लागतात. आलूबोंडे तळले जातात, उसाचा रस निघतो. गावात प्रत्येक घरी पाहुणे असतात. सासरी गेलेल्या मुली पटाला माहेरी येतात, उपवर मुलामुलींची बोलणी याच दिवसांत निघतात. रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमीच्या कंपन्यांचे मोठे ठाणे गडचिरोली जिल्ह्यातले देसाईगंज, म्हणजेच वडसा. दिवाळीनंतर तिथून मंडळी गावोगाव जातात आणि रात्रभर प्रयोग करतात. या रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. पट आणि नाटक यांचे अर्थकारण एकमेकांत गुंतलेले आहे: पटाला आलेला पाहुणा नाटकाचे तिकीट काढतो आणि नाटकासाठी येणारा आधी दाणीवर जातो.

पुढच्या काळाची चिंता बैलाचीच आहे. नांगरणी, चिखलणी आणि मळणी यंत्रांकडे गेली. २०१९ च्या पशुगणनेत देशातल्या देशी गोवंशाची संख्या आधीच्या गणनेपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी घटली. शेतीला बैल लागत नसेल, तर केवळ पटासाठी जोडी पाळणे लहान शेतकऱ्याला परवडत नाही आणि खेळ मोजक्या पैसेवाल्यांकडे जातो. यावर उपाय गावच्या गटातच आहे. स्थानिक जोड्यांसाठी राखीव इनामे वाढवणे, कठाणीसारख्या जातींना वेगळे बक्षीस ठेवणे आणि निकोप, निगा राखलेल्या जोडीचा वेगळा सन्मान करणे या गोष्टी कोणत्याही मंडळाला करता येतील.

यंदाची कापणी उरकत आली आहे. भिलाईहून पटाला जायचे असेल तर परवानगी मिळाल्याची खात्री करून घ्यावी, सकाळची गोंदियाकडची गाडी धरावी आणि पहिल्या जोड्या लागण्याआधी दाणीवर पोहोचावे. मुलांना बरोबर न्यावे. इस्पाताच्या शहरात जन्मलेल्या तिसऱ्या पिढीला बैल पोळ्याच्या मातीच्या खेळण्यापलीकडे ठाऊक नसतो. जोड्या बांधलेल्या झाडाखाली त्यांना तासभर बसू द्यावे, मालकांना खुराकाविषयी विचारू द्यावे, आणि धाव त्यानंतर दाखवावी.