ब्लू कट टाकू का?

तपासणी संपते, चष्म्याचा नंबर कागदावर लिहून होतो आणि रुग्ण उठता उठता विचारतो, "डॉक्टर, काचेला ब्लू कट टाकून घेऊ का?" गेली काही वर्षं हा प्रश्न मी जवळपास रोज ऐकते. हिंजवडीत नोकरी करणारा मुलगा विचारतो, दहावीतल्या मुलीची आई विचारते, परदेशातल्या नातवंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलणारे निवृत्त गुरुजीही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: नको. त्यावर समोरचा माणूस जरा खट्टू होतो, कारण दुकानात त्याने प्रात्यक्षिक पाहिलेलं असतं. विक्रेता पेनासारखा टॉर्च काढतो, साध्या काचेतून निळा झोत पांढऱ्या कार्डावर पाडून दाखवतो आणि मग ब्लू कटची काच मध्ये धरली की कार्डावरचा ठिपका गायब! डोळ्यांदेखत घडलेलं कोण नाकारणार?

मेख त्या टॉर्चमध्ये आहे. त्याचा प्रकाश बहुतेकदा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे खरं तर जांभळा असतो. मोबाईल आणि लॅपटॉपमधून येणाऱ्या निळ्याचा जोर ४५० नॅनोमीटरच्या आजूबाजूला असतो. पारदर्शक दिसणारी ब्लू कट काच जांभळं टोक झकास अडवते आणि स्क्रीनचा निळा बराचसा सोडून देते. तो पुरता अडवायचा तर काच गडद नारिंगी करावी लागेल, आणि तसला चष्मा घालून कोणी मीटिंगला बसणार नाही.

कोक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र करून निष्कर्ष काढते. अशा चष्म्यांवरचे १७ प्रयोग तपासून २०२३ मध्ये तिने सांगितलं की स्क्रीनमुळे डोळ्यांना येणारा थकवा या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो असं निदान अल्पकाळात तरी दिसत नाही. झोपेबद्दलचे प्रयोग एकमेकांशी जुळेनात. ब्रिटनमध्ये एका मोठ्या चष्मा-साखळीला याच काचांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी २०१७ मध्ये ४० हजार पौंडांचा दंड झाला होता. 'निळ्या प्रकाशाने डोळ्याचा पडदा जळतो' या भीतीबद्दल एवढंच सांगते, की दुपारचं निरभ्र आकाश कुठल्याही मोबाईलपेक्षा कितीतरी जास्त निळा प्रकाश डोळ्यांत ओततं आणि आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याखाली वावरत आलो आहोत.

म्हणजे स्क्रीनचा त्रास खोटा आहे का? मुळीच नाही. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, संध्याकाळी जड होतात, मध्येच पाणी येतं. हे सगळं खरं आहे, पण याचं मूळ प्रकाशात कमी आणि पापणीत जास्त आहे.

गप्पा मारताना आपली पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा लवते. स्क्रीनकडे एकटक पाहताना हा आकडा पाच-सातवर येतो, आणि त्यातलीही अनेक लवणं अर्धवट असतात. वरची पापणी खालपर्यंत पोचतच नाही. बुबुळावर अश्रूंचा अतिशय पातळ थर असतो. पापण्यांच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात आणि पापणी पूर्ण मिटली की त्या दाबल्या जाऊन या थरावर तेलाचा पापुद्रा पसरतो. तो असतो म्हणून खालचं पाणी लगेच उडत नाही. निरोगी डोळ्यातही पापणी लवली नाही तर सुमारे दहा सेकंदांत हा थर फाटू लागतो आणि बुबुळ कोरडं पडतं. त्यात डोक्यावर एसीचा झोत. वर्षानुवर्षं तेल नीट बाहेर पडलं नाही तर ते ग्रंथीतच घट्ट होतं. पंचविशीतल्या मुलांच्या पापण्या दाबल्यावर टूथपेस्टसारखं तेल बाहेर येताना मी पाहते. पूर्वी हे साठीच्या पुढच्या रुग्णांत दिसायचं.

उपाय साधे आहेत आणि म्हणूनच कोणी करत नाही. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा तिच्या खाली ठेवा. नजर थोडी खाली झुकली की पापणी अर्धी मिटलेली राहते आणि डोळ्याचा उघडा भाग कमी होतो. भिंतीवर उंच टांगलेला मॉनिटर डोळ्यांचा वैरी. एसीची पाती वळवा. रात्री कोमट पाण्यात भिजवलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. कॅलिफोर्नियातले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांचा २०-२०-२० चा नियम आता सर्वांना पाठ आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांवर, २० सेकंद पाहा. नियम चांगला आहे, पण गजर लावून तो पाळणारा रुग्ण विरळाच. मी सांगते, पाण्याची बाटली टेबलावर ठेवू नका, लांब ठेवा. उठावंच लागेल.

चाळिशी लागलेल्यांची गोष्ट वेगळी. प्रोग्रेसिव्ह काचेत वाचायचा नंबर खालच्या भागात असतो. त्यातून समोरचा मॉनिटर दिसावा म्हणून माणूस हनुवटी वर करून दिवसभर बसतो आणि मग मान धरली म्हणून हाडांच्या डॉक्टरांकडे जातो. हाताच्या अंतरावरच्या मॉनिटरसाठी वेगळ्या नंबरचा साधा चष्मा करून घेतला की मान आणि डोकं दोन्ही सुटतात. ब्लू कटवर खर्च होणारे पैसे इथे सत्कारणी लागतील.

आणि हात जोडून एक विनंती: डोळ्यांत गुलाबपाणी, मध असलं काही घालू नका. औषधाच्या दुकानातून 'लाली घालवणारे' थेंब परस्पर आणू नका. त्यातल्या काहींमध्ये स्टिरॉइड असतं. चार दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात म्हणून माणसं ते महिनोन्‌महिने घालत राहतात आणि आत डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो. तो दुखत नाही, म्हणून कळतही नाही. स्क्रीनने आंधळा झालेला माणूस मी पाहिलेला नाही. अशा थेंबांनी नजर गमावलेले पाहिले आहेत.

मुलांच्या बाबतीत आयांची तक्रार एकच: "डॉक्टर, याला जरा मोबाईल सोडायला सांगा ना, नंबर वाढतोय." मी सांगते, पण त्याच्याइतकंच आग्रहाने हेही सांगते, की त्याला बाहेर पाठवा. चीनमधल्या ग्वांगझूमध्ये काही प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक तास मोकळ्यावर दिला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचा चष्मा लागण्याजोगी लघुदृष्टी आली होती. जादा तास नसलेल्या शाळांत हेच प्रमाण ३९.५ टक्के होतं. हा अभ्यास २०१५ चा. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांना रोज दोन तास बाहेर काढण्याची मोहीमच चालवली. भरपूर उजेडात दृष्टिपटलात डोपामिन स्रवतं आणि ते डोळ्याच्या गोळ्याची लांबी वाढायला आवर घालतं, असं मानलं जातं. उन्हातच उभं राहायला हवं असं नाही, झाडाची सावलीही चालते. आपल्याकडे मात्र सातवीपासूनच मुलं शाळेतून क्लासला आणि क्लासमधून दुसऱ्या क्लासला जातात, आणि दोष एकट्या मोबाईलला मिळतो.

आता झोपेकडे येते. हा विषय मला डोळ्यांच्या तक्रारींपेक्षाही रंजक वाटतो.

शाळेत आपण शिकलो की डोळ्यात दोन प्रकारच्या प्रकाशपेशी असतात, दंडपेशी आणि शंकुपेशी. हार्वर्डमधल्या क्लाइड कीलर या तरुणाला १९२० च्या दशकात दृष्टिपटलात दोष असलेले आंधळे उंदीर सापडले. त्यांच्या डोळ्यावर उजेड टाकला की बाहुली तरीही आकसायची. दिसत नसलेल्या डोळ्याला उजेड कळत होता! या कोड्याचा उलगडा व्हायला पाऊण शतक गेलं. इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये बेडकाच्या कातडीत मेलानोप्सिन हे प्रकाश ओळखणारं प्रथिन सापडलं. पुढे ते माणसाच्या दृष्टिपटलातही मिळालं, आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मेलानोप्सिन असलेल्या चेतापेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात. या पेशी प्रत्येक डोळ्यात जेमतेम काही हजार. चित्र काढणं हे त्यांचं काम नव्हे. बाहेर दिवस आहे की रात्र, एवढंच त्या मेंदूतल्या मुख्य घड्याळाला कळवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा त्यांना सर्वांत जास्त चाळवतो. तो दिसेनासा झाला की पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन सुटायला लागतं आणि शरीर झोपेच्या तयारीला लागतं.

म्हणजे शेवटी निळाच चोर ठरला की! थांबा.

बोस्टनमधला एक प्रयोग २०१५ पासून सगळीकडे सांगितला जातो. बारा निरोगी माणसांनी ओळीने पाच रात्री झोपेआधी चार तास आयपॅडवर वाचलं आणि आणखी पाच रात्री छापील पुस्तक. आयपॅडच्या रात्री मेलाटोनिन निम्म्याहून खाली गेलं, त्याची वेळ दीड तास पुढे सरकली आणि झोप यायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. बातम्यांमध्ये एवढंच आलं. आयपॅड पूर्ण उजेडावर होता आणि खोली जवळजवळ अंधारी होती, हे फारसं आलं नाही. पुढच्याच वर्षी स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात लोकांना आधी दिवसभरात साडेसहा तास लख्ख उजेडात ठेवलं. नंतर संध्याकाळी दोन तास टॅबलेट वाचायला दिला, तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत झोपेत काहीच फरक पडला नाही.

या दोन प्रयोगांच्या मधोमध आपलं सगळं दुखणं आहे. शरीर चोवीस तासांच्या उजेडाचा जमाखर्च मांडतं. दिवसाची जमा भक्कम असेल तर रात्रीचा किरकोळ खर्च पचतो. बाहेर भर दुपारी लाखभर लक्स उजेड असतो, आषाढातल्या ढगाळ दिवशीही काही हजार. पडदे ओढलेल्या ऑफिसात तीनशे ते पाचशे. दिवसभर असं उजेडाच्या उपाशी राहिलेलं शरीर रात्री मोबाईलच्या वीस-तीस लक्सलाही दचकतं.

शिवाय घरातल्या दिव्यांकडे कोणी बघतच नाही. पांढरा एलईडी म्हणजे निळ्या एलईडीवर पिवळा लेप. त्या निळ्या एलईडीसाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, आणि तोच आज तुमच्या आकाशकंदिलातही आहे. आपल्याकडे ६५०० केल्विनचा पांढराफेक उजेड म्हणजे स्वच्छ, चांगला उजेड असं समीकरण आहे. रात्री दहा वाजता हॉलमध्ये असल्या दोन ट्यूब जळत असतात आणि खाली बसलेला माणूस मोबाईलचा नाइट मोड चालू करून निर्धास्त होतो! डोळ्यावर पडणारा बहुतेक उजेड छतावरून येतोय. रात्री आठनंतर मोठे दिवे बंद करा आणि २७०० केल्विनचा पिवळसर दिवा, शक्यतो कमरेच्या उंचीवर, लावा. लहान मुलं असतील तर हे नक्की करा. त्यांची बाहुली मोठी आणि भिंग नितळ असतं. कोलोरॅडोतल्या एका छोट्या प्रयोगात झोपेआधी तासभर प्रखर उजेडात खेळलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांचं मेलाटोनिन सुमारे ८८ टक्क्यांनी घसरलं होतं. आजीआजोबांचं उलट असतं. वयाने भिंग पिवळं पडून दिवसाचा निळा आत कमी पोचतो. त्यांनी सकाळचा चहा बाल्कनीत घ्यावा.

उजेडाचा हिशेब जमला तरी एक गोष्ट उरते. रात्री साडेअकराला जागं ठेवणारी रील, शेअर बाजाराचं ॲप, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं पार्किंगचं भांडण, यांना रंग नसतो. स्क्रीन नारिंगी करा, काळी करा, भांडण तेवढंच तिखट राहतं. माझ्या मते झोपेचं सर्वांत मोठं नुकसान इथे होतं. झोपायची वेळ पुढे जाते आणि उठायची वेळ जागची हलत नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये यावर गावठी आणि अचूक तोड काढली. संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाईल बंद. हेतू मुलांच्या अभ्यासाचा होता. मला विचाराल तर आणखी एक भोंगा रात्री दहाला हवा. राज्य सरकारने २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय घेतला, तो मुलांच्या अपुऱ्या झोपेमुळेच. तो मला पटतो, पण वाचलेला तासही कार्टून खाणार असेल तर शाळा दहाला भरवूनही उपयोग नाही.

रात्रपाळीवाल्यांना यातलं बरंच लागू नाही. अमेरिकेच्या घड्याळावर काम करणाऱ्याने रात्री ऑफिसात चांगला उजेड घ्यावा, सकाळी घरी येऊन जाड पडद्यांच्या खोलीत झोपावं आणि सुट्टीच्या दिवशी वेळ फार उलटीपालटी करू नये.

बाकीच्यांनी फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला लावावा. "गजर कसा लावू?" असं विचारणाऱ्यांना मी सांगते, साधं गजराचं घड्याळ अजून मिळतं.

एक शेवटचं. हल्ली डोळ्यांची प्रत्येक तक्रार लोक स्क्रीनच्या नावावर जमा करतात. एकच डोळा लाल होऊन दुखत असेल, नजर अचानक अंधुक झाली असेल, डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होत असेल, काळे ठिपके एकाएकी वाढले असतील किंवा एका बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटत असेल, तर ते स्क्रीनमुळे नाही. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवा. मधुमेह असेल तर काहीही होत नसतानाही वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या.