पोटातील टाका उसवतो तेव्हा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया आता केवळ तरुणांपुरती राहिलेली नाही. मधुमेह, गुडघेदुखी आणि झोपेत अडणारा श्वास यांनी गांजलेली, साठीच्या उंबरठ्यावरची माणसेही ती करून घेतात. बहुतेकांचे सारे सुरळीत पार पडते. ज्या थोड्यांचे तसे होत नाही, त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहीत आहे.

‘स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी’ या सर्वाधिक प्रचलित शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची अरुंद नळी, स्टेपलच्या लांब ओळीने शिवलेली. शंभरांतील साधारण एक-दोघांची ही शिवण उसवते, बहुधा वरच्या टोकाशी, अन्ननलिकेजवळ. तेथून जठरातील रस झिरपतो आणि शेजारी पू साठतो. पुष्कळदा हे रुग्ण घरी परतल्यावर, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत घडते. म्हणजे त्याची पहिली खूण घरच्यांनाच दिसते.

माझ्या परिचयातील एक निवृत्त बँक अधिकारी असेच घरी आले होते. दहाव्या दिवशी त्यांच्या पत्नीचा फोन आला. “डॉक्टर, ह्यांना ताप नाही, पोटही फारसे दुखत नाही. पण छातीत धडधडते म्हणतात आणि डावा खांदा भरून आलाय. गॅस असेल का?” मी त्यांना घरातील ऑक्सिमीटर बोटाला लावायला सांगितला. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी १२४ होती. स्थूल देहात आत दाह असला तरी पोट वरून मऊ लागू शकते. नाडी मात्र आधी बोलते. “वहिनी, ओवा-सोडा काही देऊ नका. याच घटकेला सर्जनकडे न्या,” एवढेच मी म्हणालो. सीटी स्कॅनमध्ये गळती आणि पुवाचा लहानसा साठा दिसला.

रुग्णाचा रक्तदाब ढासळला असेल किंवा पू पोटभर पसरला असेल, तर आधी शस्त्रक्रियेने पोट धुऊन काढावे लागते. येथे तशी वेळ आली नव्हती. एंडोस्कोपी करून त्या छिद्रातून दोन बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या बसवण्यात आल्या. दोन्ही टोकांना वेटोळे असलेल्या या नळ्यांना ‘पिगटेल स्टेंट’ म्हणतात.

वहिनी अस्वस्थ होत्या. “भोक बुजवायचे सोडून त्यातच नळ्या घातल्या, हे कसले औषध?” प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, “गळवावर वरून खपली धरली आणि पू आत राहिला, तर काय होते ते तुम्ही पाहिले आहे. इथेही तसेच. आधी पू जठरात उतरू द्यायचा. पोकळी रिकामी झाली की ती आपोआप आक्रसते आणि भरून येते.”

मार्ग आणखीही आहेत. आवरण असलेला धातूचा स्टेंट गळतीवरून पूल बांधल्यासारखा काही आठवडे ठेवतात. तो कधी जागचा सरकतो, मळमळही होते. पोकळीत स्पंज ठेवून यंत्राने स्राव सतत ओढून घेण्याची पद्धत आहे. तो स्पंज तीन-चार दिवसांनी बदलावा लागतो. नळी खाली अरुंद झाली असेल तर आतला दाब वाढतो आणि गळती थांबत नाही. मग ती जागा फुग्याने रुंदावतात. कोणता मार्ग घ्यावा, हे गळतीचे वय, आकार आणि रुग्णाची अवस्था यांवर ठरते. एकाच वेळी काम भागेल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये.

या उपचाराचा मोठा भाग घरीच पार पडतो. नाकातून लहान आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने वहिनी ठरल्या वेळी द्रव आहार देत, प्रत्येक वेळी नळी पाण्याने धूत आणि ताप, नाडी, वजन वहीत टिपून ठेवत. वास घरभर दरवळू नये म्हणून त्या सणाला त्यांनी पुरण घातले नाही. चौथ्या आठवड्यात त्या हताशपणे म्हणाल्या, “काही होतच नाहीये.” पण वहीतील नाडी ८४ वर आली होती. मी बोट ठेवून तो आकडा दाखवला. अकराव्या आठवड्यात तपासणीत गळती दिसली नाही. नळ्या निघाल्या आणि सर्जनच्या परवानगीने दोन चमचे पातळ ताक तोंडाने दिले गेले.

आपल्या घरी कोणाची अशी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गळती झाल्यास एंडोस्कोपीची सोय कोठे आहे हे आधीच विचारा. घरी येताना रात्री-अपरात्री उचलला जाईल असा फोन क्रमांक मागून घ्या. विश्रांतीतही नाडी १०० च्या वर टिकून राहिली, ताप आला, दम लागला, खांदा किंवा पोट दुखू लागले, तर सकाळची वाट पाहू नका. नाडी १२० च्या पुढे गेली तर क्षणाचाही विलंब नको. आणि उपचार लांबला, तर सेवा करणाऱ्याच्या झोपेची पाळीही घरात ठरवून घ्या. दोन-तीन महिने एकट्या माणसाच्या जिवावर निभत नाहीत.