बॅटरीचा लाल दिवा आणि आपली गाडी चालवणारी मुलं



ज्यांची मुलं सोळा-सतरा वर्षांची झालीत, लायसन्स हातात आलंय आणि घरातली जुनी गाडी आता "माझी गाडी" झालीये, त्यांच्यासाठी ही पोस्ट. जरा लांब आहे, पण वाचा आणि मुलांनाही वाचून दाखवा.

डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा एक लाल दिवा असतो. गाडी सुरू करताना क्षणभर लागतो आणि इंजिन चालू झालं की विझतो. चालत्या गाडीत तो लागला की बहुतेक जण म्हणतात, "बॅटरी गेली, नवीन टाकू." पण चित्र बॅटरीचं असलं तरी दिव्याचा निरोप बहुधा वेगळा असतो: बॅटरी चार्ज होत नाहीये.

मी पेशाने सीए, त्यामुळे मला हे हिशेबातच समजतं. बॅटरी म्हणजे बँकेतली शिल्लक आणि अल्टरनेटर म्हणजे पगार. अल्टरनेटर इंजिनच्या बेल्टवर फिरून वीज तयार करतो. दिवे, पंखा, इंधनाचा पंप, सगळा घरखर्च त्यावर चालतो आणि वर बॅटरीत भरणाही होतो. दिवा लागला म्हणजे पगार थांबलाय आणि घर शिल्लकीवर चाललंय. गाडी तर मस्त चालत असते, म्हणूनच माणूस गाफील राहतो. शिल्लक कधी अर्धा तास पुरते, कधी तेवढीही नाही. संपली की इंजिन बंद, आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगही एकदम जड होतं. रात्री, फ्रीवेच्या मधल्या लेनमध्ये, आपलं लेकरू एकटं असताना हे व्हायला नको.

गेल्या नोव्हेंबरात लेकीचा फोन आला. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. "आई, बॅटरीचा दिवा लागला म्हणून मी एक्झिट घेतली. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये आहे. गाडी चालतेय पण, येऊ का घरी?" घर अकरा मैलांवर. मी म्हटलं, "नको, तिथेच थांब, आम्ही येतो." तिने फोन गाडी थांबवल्यावर केला, ते मला जास्त आवडलं. कॅलिफोर्नियात १८ वर्षांखालच्या मुलांना गाडी चालवताना फोन वापरायचाच नसतो, हँड्सफ्रीसुद्धा नाही.

नवऱ्याने हूड उघडलं. बेल्ट जागेवर होता. बॅटरीचे टर्मिनल घट्ट होते, पांढरी-हिरवी पावडरही नव्हती. मग मल्टिमीटर लावला. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा साधारण १३.५ ते १४.५ हवा. आमचा बंद असताना १२.० आणि चालू असताना ११.८. म्हणजे जमा शून्य, खर्च चालू. गाडी टो करून नेली.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये मीटर न लावताच सांगितलं, "बॅटरी बदलावी लागेल." बॅटरी जेमतेम वर्षाची, तारखेचा स्टिकर वरच होता. आम्ही ती काढून चार्ज केली आणि पार्ट्सच्या दुकानात तपासून घेतली. ऑटोझोन, ओरायली अशा दुकानांत बॅटरी आणि अल्टरनेटरची तपासणी फुकट होते. बॅटरी पास, अल्टरनेटर नापास! नवी बॅटरी टाकली असती तर दिवा तसाच राहिला असता आणि लेक पुन्हा त्याच फ्रीवेवर. दुसऱ्या गॅरेजने अल्टरनेटर बदलला, मीटरवर १४.२ आले, दिवा विझला.

आता बिलाचं, कारण ते माझं खातं! कॅलिफोर्नियात गॅरेजने काम सुरू करण्याआधी लेखी एस्टिमेट द्यायचं असतं आणि तुमच्या संमतीशिवाय त्याहून जास्त पैसे लावता येत नाहीत. जुना पार्ट बघायला हवा असेल तर काम देतानाच सांगा. इतर राज्यांतले नियम वेगळे असू शकतात, आपापले बघून घ्या. आणि बिलात "कोअर चार्ज" दिसला तर घाबरू नका. तो खर्च नव्हे, डिपॉझिट आहे. जुना अल्टरनेटर किंवा बॅटरी परत केली की मिळतं. तुम्ही स्वतः पार्ट आणला असेल तर ते मागायला विसरू नका.

मुलांना एवढं पाठ करून घ्या:

१. दिवा लागला की एसी, हीटर, सीटची ऊब, फोनचं चार्जिंग बंद. रात्री हेडलाइट मात्र चालूच.

२. सुरक्षित, उजेडाच्या जागी पोचेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही. कदाचित पुन्हा सुरू होणार नाही.

३. सोबत तापमानाचा काटा चढला किंवा स्टिअरिंग जड झालं, तर बेल्ट तुटला असू शकतो. मग एक्झिटची वाट बघायची नाही, कडेला घेऊन थांबायचं.

४. जंपस्टार्ट म्हणजे हातउसने पैसे. पगार सुरू झाला नसेल तर तेही संपणार. त्या भरवशावर घरी निघायचं नाही.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर गोष्ट वेगळी. तिथे नारिंगी केबलना हात लावायचा नाही, सरळ मदत बोलवायची.

आपल्याकडे गाडी बंद पडली की चार माणसं धक्का मारायला धावायची. इथे रस्त्यावर माणूस नाही, आणि ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरूही होत नाही. म्हणून वीसेक डॉलरचा मल्टिमीटर घ्या आणि या शनिवारी मुलांनाच हूड उघडायला लावा. लाल वायर प्लसला, काळी मायनसला. आकडा त्यांनाच वाचू दे, आणि कमेंटमध्ये सांगा किती आला ते. बारा पॉइंट सहा आला तर उत्तम!