सोड, बघ

पान फ्लुइड मेकॅनिक्सच्या जर्नलमधून फाडलेलं होतं. एका बाजूला अर्धा राहिलेला आलेख, मागच्या बाजूला निळ्या पेनाने लिहिलेले आकडे. '१ ते १९ एका दमात बघ. २० ते ६७ परीक्षा, रोज तीन-चार. १०१ सोडू नको. १३६ ते २१९ सोड. २२० बघ, मग शिप्पुडेन.' २००८ च्या पावसाळ्यात, पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलवर, लातूरच्या दादाने ते पान आणि आपली हार्ड डिस्क माझ्या कॉटवर ठेवली आणि तो मेसला जेवायला निघून गेला.

माझं तेव्हा वर्ष गेलं होतं. बरोबरची मुलं पुढच्या वर्गात गेली आणि मी त्याच बाकांवर, नव्या मुलांच्यात. दिवसभर खोलीचं दार लावून पडायचो. दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, शेजारच्या खोलीतला. अभ्यास कर असं त्याने सांगितलं नाही, धीरही दिला नाही. पान दिलं.

डिस्कवर एक जपानी कार्टून मालिका होती. तिच्या पहिल्या भागात बारा वर्षांचा एक पोरगा निन्जांच्या शाळेच्या परीक्षेत पुन्हा नापास होतो. शाळेच्या अंगणात पास झालेल्या मुलांना त्यांचे आईबाप घ्यायला आलेले असतात आणि हा झाडाला बांधलेल्या झोक्यावर एकटा बसलेला असतो. नारुतो त्याचं नाव. तो जन्मला त्याच दिवशी नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याने त्याच्या गावावर, कोनोहावर, हल्ला केला होता. गावाच्या चौथ्या होकागेने, म्हणजे गावप्रमुखाने, जीव देऊन तो कोल्हा या तान्ह्या मुलाच्या पोटात कोंडला. मोठ्यांना हे माहीत आहे, पण बोलायला बंदी. मुलांना काही माहीत नाही, तरी मोठे ज्याला टाळतात त्याला तीही टाळतात. गाव आपल्याला का टाळतं हे त्या पोराला बारा वर्षं कुणी सांगितलेलं नाही.

ज्या मास्तरांनी त्याला नापास केलं ते इरुका. कोल्ह्याच्या हल्ल्यात त्यांचे आईवडील दोघंही गेले होते. त्या पोराचा सगळ्यात जास्त राग करायचा हक्क कुणाला असेल तर तो त्यांना. आणि पहिल्याच भागात, नारुतोच्या दिशेने फिरत येणारं भलंमोठं चक्री शस्त्र ते मध्ये पडून स्वतःच्या पाठीवर घेतात, मग स्वतःच्या कपाळावरची पट्टी सोडून त्याच्या कपाळावर बांधतात. मी त्या रात्री नऊ भाग पाहिले. सकाळी आंघोळ केली आणि कॉलेजला गेलो. एवढंच झालं, पण त्या आठवड्यात तेवढं होणंही कठीण होतं.

आता माझी भाची बारा वर्षांची आहे. २०२२ मध्ये ही मालिका सोनी ये या वाहिनीवर हिंदीत आली, तिच्यातले तुकडे तिने अधूनमधून पाहिलेत, आणि आता तिला नीट पहिल्यापासून बघायचंय. "मामा, सातशे वीस भाग आहेत. कुठून सुरू करू आणि काय सोडू?" तिचा आकडा बरोबर आहे. पहिल्या मालिकेचे २२०, शिप्पुडेनचे ५००. बोरुतो धरलं तर आणखी २९३, पण ती नारुतोच्या मुलाची गोष्ट आहे, आणि बापाची गोष्ट पचल्याशिवाय मुलाची सुरू करू नये असं माझं ठाम मत आहे.

सोडायचं का, हे तिला समजावून सांगावं लागलं. ओकायामात १९७४ साली जन्मलेल्या मासाशी किशिमोतोंनी ही गोष्ट 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सप्टेंबर १९९९ पासून नोव्हेंबर २०१४ पर्यंत काढली. ७०० प्रकरणं, ७२ खंड. ऑक्टोबर २००२ मध्ये स्टुडिओ पिएरोने टीव्ही तोक्योसाठी तिची मालिका सुरू केली. एक माणूस आठवड्याला वीसेक पानं काढणार आणि पडद्यावरचा एक भाग त्यातलं सगळं, कधी त्याहून जास्त, खाऊन टाकणार. मालिका पुस्तकाच्या टाचेवर येऊन पोचते. टीव्हीवरची ठरलेली वेळ तर सोडता येत नाही. मग स्टुडिओचे लेखक आपल्या मनाने गोष्टी रचतात, नारुतोला कुठल्या तरी गावी कुठल्या तरी कामाला पाठवतात, आणि तेवढ्या वेळात किशिमोतो पुढे सरकतात. हे भरीचे भाग. पहिल्या मालिकेच्या शेवटी त्यांची सलग रांगच आहे. शिप्पुडेनमध्ये ते ठिकठिकाणी विखुरलेत, मिळून दोनशेच्या आसपास.

भरीचे सगळेच वाईट नाहीत. १०१ व्या भागात नारुतो आणि त्याच्या तुकडीतली दोन पोरं काकाशी नावाच्या आपल्या मास्तरांच्या तोंडावरच्या फडक्यामागे काय आहे ते बघायला दिवसभर धडपडतात. गोष्ट पुढे जात नाही, पण त्या तिघांचं एकत्र असणं इतकं निखळ पुन्हा फार दिसत नाही. दादाने तो भाग वेगळा काढून लिहिला होता यावरून त्याची नजर कळते.

भाचीला मी सांगितलं, पहिले १९ भाग झाले की थांब आणि एक दिवस काही बघू नकोस. त्या भागांत झाबुझा नावाचा भाडोत्री मारेकरी आहे आणि त्याच्याबरोबर हाकू नावाचं एक पोर. हाकूला त्याच्या बापानेच मारायला काढलेलं, झाबुझाने रस्त्यावरून उचललेलं. आपण कुणाच्या तरी उपयोगाचे आहोत एवढ्यावर ते जगतं. धुक्यातल्या अर्धवट पुलावर दोघंही मरतात तेव्हा बर्फ पडू लागतो. लहान मुलांच्या मालिकेत एकोणिसाव्या भागापर्यंत शत्रूसाठी रडायला लावायचं, ही किशिमोतोंची ताकद. पुढे परीक्षेच्या भागांत ४८ व्याला रॉक ली पायातली वजनं सोडतो. ज्याला मंत्रविद्या अजिबात येत नाही, फक्त हातपाय चालवता येतात, असा तो मुलगा. त्याच्यासाठी मी हॉस्टेलच्या गच्चीवर पहाटे पळायला लागलो होतो.

आणि ८६ च्या पुढे जिरायाची शिकवणी. पांढऱ्या केसांचा, बेडकांवर बसून येणारा, कादंबऱ्या लिहिणारा गुरू. तो, त्सुनादे आणि ओरोचिमारू ही तिघं बेडूक, गोगलगाय आणि साप यांच्या एका जुन्या जपानी लोककथेतून आलेली. नारुतोला तो हातात शक्तीचा फिरता गोळा धरायला शिकवतो. आधी पाण्याने भरलेला फुगा नुसत्या त्याच शक्तीने फोडायचा, म्हणजे आतलं पाणी फिरवता आलं. मग रबरी चेंडू, म्हणजे जोर आला. शेवटी साधा फुगा, पण तो फुटता कामा नये, म्हणजे जोर आवरता आला. मी पुढे मुलांच्या शिकवण्या घेतल्या तेव्हा एखादी अवघड गोष्ट अशी तीन पायऱ्यांत फोडायची सवय मला इथूनच लागली.

शिप्पुडेन, म्हणजे वादळकथा, आम्ही पाहिलं ते आठवड्याला एक याप्रमाणे. जपानमध्ये गुरुवारी संध्याकाळी भाग लागायचा, शुक्रवारपर्यंत इंग्रजी अक्षरांसकट हॉस्टेलच्या लॅनवर यायचा. दादाच्या खोलीत दहा-बारा जण एका मॉनिटरपुढे. २००९ च्या अखेरीस १३३ व्या भागात जिराया मेला. पावसाच्या गावात, पाण्याखाली. नारुतोला त्यातलं काही माहीत नव्हतं. पुढे इताची आणि सासुके या भावांची लढाई आली, आणि तिच्यानंतर १४४ ते १५१ असे आठ भाग भरीचे. आठवड्यांमागून आठवडे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं आणि त्यालाच माहीत नव्हतं. तो हसत होता, जेवत होता.

त्याच डिसेंबरात माझी परीक्षा चालू होती. शेवटच्या पेपरनंतर मी बाहेर आलो तर कॉलेजच्या पायऱ्यांवर दादा बसलेला. त्याचा स्वतःचा पेपर त्या दिवशी नव्हता. म्हणाला, "बॅग भरलीय तुझी. स्वारगेटला जायचंय." आजोबा दोन दिवसांपूर्वीच गेले होते. एकदा वर्ष गेलेला मुलगा, पेपर बुडू नयेत, म्हणून घरच्यांनी मला सांगितलं नव्हतं. दादाला फोन करून सांगितलं होतं. दोन दिवस तो माझ्याबरोबर मेसमध्ये जेवत होता, मला गणितं विचारत होता.

साताऱ्यापर्यंत एसटीत तो माझ्या शेजारी बसून आला, तिथून कोरेगावच्या गाडीतही. आम्ही पोचलो तेव्हा सावडणंसुद्धा झालं होतं. अंगणात खुर्ची होती, तिच्यावर आजोबांचा टॉवेल. वर्ष गेलं तेव्हा मी याच अंगणात त्यांना सांगितलं होतं आणि ते फक्त "जेवलास का?" म्हणाले होते. घरच्यांवर मी खूप दिवस रागावलेला होतो. दादावर का रागावलो नाही हे मला तेव्हा सांगता आलं नसतं.

१५२ वा भाग २०१० मध्ये आला. गावात नारुतोला बोलावून बातमी सांगतात. तो चिडतो, निघून जातो. रात्री एका दुकानातून दोन काड्यांचं गारेगार घेतो, जिराया जे मधोमध मोडून त्याला अर्धं द्यायचा तसलं, आणि बाकावर बसून राहतो. खात नाही. ते वितळत जातं. मग इरुका मास्तर येऊन शेजारी बसतात. त्या वेळपर्यंत त्यांना आपण जवळजवळ विसरलेलो असतो, कारण मालिका मोठमोठ्या योद्ध्यांची झालेली असते आणि हे साधे शाळामास्तर. माझ्या आजोबांनी माझ्यासाठी कधी गारेगार मोडलं नव्हतं. त्यांना मधुमेह होता, घरात तसलं काही येतच नसे. तरी मी त्या अंधाऱ्या खोलीत दहा-बारा जणांमध्ये रडलो, आणि कुणी मागे वळून पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात मी आजीजवळ राहायला गेलो होतो. एका गुरुवारी, तिचा उपास होता, मी ओसरीवर लॅपटॉप लावून बसलो होतो. नारुतोची बोलण्यातली लकब आहे, वाक्याच्या शेवटी 'दत्तेबायो' म्हणायची. आजी आतून म्हणाली, "दत्ताचं नाव घेतोय होय रे तो?" मी हो म्हणालो. ती येऊन शेजारी बसली. भाषा कळत नव्हती, पण मी सांगत गेलो आणि तिला फारसं काही परकं वाटलं नाही. बोटं जुळवून मुद्रा करतात, अंगात चक्र असतं. पेन नावाच्या शत्रूची सहा शरीरं बौद्धांच्या सहा गतींवर बेतलेली, त्यांत देव आणि असुर आहेत, प्रेत आणि नरक आहे. पुढे पुढे तर सगळ्या भांडणाचं मूळ इंद्र आणि असुर या दोन भावांत निघतं. ही नावं इथून निघून चीनमार्गे तिकडे पोचली आणि शेकडो वर्षांनी आमच्या ओसरीवर परत आली. आजीने विचारलं ते एवढंच, "त्या पोराला जेवायला कोण घालतं?" इचिराकू नावाचं एक रामेनचं छोटं दुकान आहे, तिथला म्हातारा घालतो, असं मी सांगितलं. त्याच रामेनमध्ये गुलाबी भोवऱ्याची माशाची चकती तरंगत असते. तिला जपानीत नारुतोच म्हणतात, हे मला खूप नंतर कळलं.

शेवटचं महायुद्ध लांबलंय, हे भाचीला सांगायला मला संकोच वाटत नाही. २६१ च्या पुढे दमायला होतं. चारशेच्या घरात भरीचे भाग शोधून शोधून सोड, पण ४७६ आणि ४७७ सलग बघ. ४९३ झाला की 'द लास्ट' हा २०१४ चा चित्रपट, मग उरलेले सात. बाकीचे चित्रपट कधीही बघ किंवा बघू नकोस. आणि शक्य तर जपानी आवाजात बघ. त्या पोराला पहिल्यापासून शेवटपर्यंत जुन्को ताकेउची या बाईंनी आवाज दिलाय. बारा वर्षांच्या किरट्या ओरडण्यापासून मोठ्या माणसाच्या थांबून बोलण्यापर्यंत तो आवाज कसा खाली उतरत जातो, हे दुसऱ्या भाषेत मिळत नाही.

५०० वा भाग २३ मार्च २०१७ ला लागला, गुरुवारीच. मी तेव्हा नोकरीला होतो, एकट्याने मोबाइलवर पाहिला. नारुतोचं लग्न ठरलेलं असतं आणि तो इरुका मास्तरांकडे जाऊन विचारतो, लग्नाला माझे वडील म्हणून याल का. पहिल्या भागातले मास्तर, शेवटच्या भागातले मास्तर. भाग संपल्यावर मी दादाला फोन लावला. लातूरला त्यांच्याकडे लाइट गेली होती. आम्ही पाऊसपाण्याचं बोललो.

दादाचं पान मी कधीतरी हरवलं. भाचीसाठी नवीन लिहिलं, तिच्या वहीच्या मधल्या पानावर. बरेचसे आकडे तेच आहेत. भरीच्या रांगांपुढे मात्र मी 'सोड' असं लिहिलं नाही, 'घाई असेल तर सोड' असं लिहिलं, कारण तिला आत्ता घाई नाही. इरुका मास्तर येतील ते भाग सोडू नकोस, अशी एक ओळ वर घातली. ते का, हे तिने विचारलं नाही.

परवा रात्री तिचा फोन आला. ती अजून पुलावर आहे, हाकूच्या जवळपास. पान चाळत होती.

"मामा, १५२ ला तू नुसता आकडा लिहिलायस. पुढे काहीच नाही. सोडू की बघू?"

"बघ," मी म्हणालो. "आणि त्या दिवशी फोन कर."